नऊ दातांचं पिनियन

माझं आयुष्य गाड्यांच्या पाठीमागं गेलं. खरोखरच पाठीमागं, मागच्या ॲक्सलखाली उताणं पडून. जालन्यात मंठा रोडला माझं वर्कशॉप आहे आणि तिथं इंजिनाला कुणी हात लावत नाही. आम्ही फक्त क्राऊन-पिनियन करतो. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट मागच्या चाकांजवळ संपतो. तिथं लोखंडी हौसिंगमध्ये एक लहान दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते ताटाएवढ्या एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, तो क्राऊन. क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागलं की गाडीचा स्वभाव कळतो. भागाकार मोठा आला तर गाडी ओढणारी, पण पळवली की इंजिन बोंबलतं. लहान आला तर निवांत पळणारी, पण चढाला तिला धाप लागते. एवढंच शास्त्र. त्यावर मी तीस वर्षं पोट भरलं आणि त्यातच एका भल्या माणसाचं असं नुकसान केलं, की ते भरून द्यायला आता तो माणूस राहिला नाही.

सर तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले. मी काही त्यांचा विद्यार्थी नव्हे. त्यांचे विद्यार्थी साहेब होऊन पुण्या-बंगळुरूला गेले, मी दहावीनंतर थेट गाडीखाली गेलो. मस्तगडला त्यांचं घर. तळमजल्यावरचा दुकानाचा गाळा रिकामा करून तिथं आठ वर्षं ते एक गाडी बांधत होते. दोनच माणसांची, लांब नाकाची, वर कापडी टप. गल्लीतले लोक म्हणायचे, सरांना म्हातारचळ लागलाय. इंजिनावर त्यांनी ब्लोअर बसवला होता. इंजिन आपसूक हवा ओढतं. ब्लोअर म्हणजे पट्ट्यावर फिरणारा पंप, तो इंजिनाच्या घशात जबरदस्तीनं हवा कोंबतो. त्यानं ताकद दीडपट होते. मागचा ॲक्सल मात्र आपल्या जुन्या जीपचा, कापून अरुंद केलेला. म्हणून सर माझ्याकडं आले.

येताना तेलकट कागदात गुंडाळलेला क्राऊन-पिनियनचा नवा सेट त्यांनी स्वतःच आणला होता. एकेचाळीस दातांचा क्राऊन, अकरा दातांचं पिनियन. मला हसू आलं.

"सर, अकराचं? चढाला बसून राह्यल की गाडी. आपल्याकडं नऊचं चालतं. भोकरदनच्या लोकाला तर मी आठचं देऊन राह्यलो."

"अरे, तुझ्या जीपला ब्लोअर आहे का?" सर म्हणाले. "ब्लोअर म्हणजे पुढं आणखी एक बैलजोडी जुंपल्यासारखं. ओढ वरूनच आलीय, मग ती खाली दातांत कशाला शोधायची?"

त्यांनी खडू मागितला आणि माझ्या काळ्याकुट्ट फरशीवर हिशोब मांडला. ताशी ऐंशीच्या वेगाला नऊचं पिनियन असेल तर इंजिन मिनिटाला तीन हजारांवर फेऱ्या मारणार, अकराचं असेल तर अडीच हजारांच्या आत. ब्लोअरचा पट्टा सव्वीसशेच्या पुढं किंचाळायला लागतो. त्याच्या खाली तो नुसता गुणगुणतो.

"किंचाळला तर किंचाळला," मी म्हणालो. "शौकीन लोकाला तर तोच आवाज पाहिजे राह्यतो."

सर खडू ठेवून स्टुलावर बसले. तेव्हा त्यांचा उजवा हात मी नीट पाहिला. मांडीवर ठेवलेला असूनही तो थरथरत होता.

"मला कंपवात आहे," ते म्हणाले. "हात तुला दिसतोच आहे. डॉक्टर म्हणतात आवाजही बसत जाईल, आणि बसायला लागलाय. मला हिला, तुझ्या काकूला, एक गोष्ट सांगायची आहे. समोरासमोर बसून मला आयुष्यात कधी असलं बोलता आलं नाही. शेजारी बसून, रस्त्याकडं बघत जमेल. समृद्धी महामार्गावर सारखा गिअर बदलावा लागत नाही. ऐंशीनं तासभर जायचं, आणि तिला माझं ऐकू आलं पाहिजे. बस्स."

काय सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. अकराचंच बसवतो म्हणालो आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडून आलो.

आता माझ्या डोक्यात काय होतं ते सांगतो. धंदा नवा असताना भोकरदन लाईनच्या एका काळ्या-पिवळ्या जीपला मी ड्रायव्हरच्या हट्टापायी पळणारं पिनियन दिलं होतं. आत-बाहेर, टपावर मिळून वीस-बावीस माणसं घेऊन ती चढाला लागली आणि मधेच बंद पडून मागं मागं येत सरकीच्या रानात उतरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण पुढं वर्षभर स्टँडवरचे ड्रायव्हर मला बघितलं की म्हणायचे, "याच्याकडं जाऊ नका रे, याची गाडी रिवर्समध्येच चालती." तेव्हापासून मी कानाला खडा लावला. गाडी हळू चालते म्हणून आमच्या भागात कुणी मेकॅनिकला शिव्या दिल्या नाहीत. चढाला बसली की मात्र त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक गाडीत मला ओझंच दिसायचं. इथं ओझं म्हणजे दोन म्हातारी माणसं होती, पण लागलेली सवय कुठं मोडते!

हौसिंग उघडलं, साफ केलं, आणि मी नऊचं बसवलं. बसवताना आमची एक रीत असते. तेलात शेंदूर कालवून क्राऊनच्या दातांना लावायचा, चाक हातानं फिरवायचं आणि शेंदूर कुठं पुसला गेला ते बघायचं. दाताच्या मधोमध पुसला गेला तर जोडी जुळली, नाहीतर पातळ चकत्या घालून-काढून पुन्हा. शेंदराची पुडी मी पूजेच्या दुकानातून आणतो. दुकानदार मला मोठा मारुतीभक्त समजतो. त्या दिवशी शेंदूर पहिल्याच फेरीला मधोमध पुसला गेला, आणि मला वाटलं, देवाचाही कौल माझ्याच बाजूनं आहे.

सरांचा सेट मी फळीवर ठेवून दिला. त्यांना काही बोललो नाही. म्हटलं, एकदा ओढ बघितली की स्वतःच म्हणतील बरं केलंस. नाहीच आवडलं तर दोन दिवसांचं काम. दोन दिवस काय, कुणाकडंही असतात.

गाडी बघायला वाटूरपर्यंत जाऊन आलो. पाय दाबला की पाठ सीटला चिकटत होती. वाटूर फाट्यावर चहा घेतला तर माणसं गोळा झाली, फोटो काढले. येताना ब्लोअर कानाजवळ किंचाळत होता आणि मला तो गोड लागत होता. मी एकटाच होतो, मला कुणाशी बोलायचं नव्हतं.

रविवारी सर काकूंना घेऊन समृद्धीवर गेले. संध्याकाळी फोन येईल म्हणून मी वाट बघितली. सोमवारीही आला नाही. मंगळवारी दुकान मदतनिसावर टाकून मी मस्तगडला गेलो.

सर गाळ्यात गाडीजवळ खुर्ची टाकून बसले होते. आवाज इतका खाली गेला होता की मला वाकून ऐकावं लागलं.

"नऊचं घातलंस ना?"

मी खाली बघितलं.

"मोबाईलवर वेग ऐंशी, काट्यावर फेऱ्या तीन हजार. चालवता चालवता भागाकार झाला." ते रागानं म्हणत नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "वेग कमी करून बघितला. पासष्टवर आलो की मागचे ट्रक हॉर्न देत अंगावर यायचे. त्यांचाच आवाज जास्त."

"मंग तिथूनच वळून यायचं न्हाई का सर? मी दोन दिवसांत बदलून दिलं असतं."

"त्या दिवशी हाताचा कंप थांबला होता. परत थांबेल याचा भरवसा नव्हता." मग त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला, तो हलतच होता. "जाऊ दे. झालं काम. जेवढ्या मोठ्यानं जमलं तेवढ्या मोठ्यानं सांगितलं तिला. तिनं मान हलवली. दोनदा."

खोटं कशाला बोलू, माझा जीव भांड्यात पडला. येताना स्टेशनाजवळ थांबून मी चांगली प्लेटभर भजी खाल्ली. माणसाचं झालं ना काम, मग दात नऊ असोत की अकरा, असं स्वतःला समजावलं.

महिनाभरात सर जिन्यावरून पडले. मुलगी पुण्याहून आली, गाडीची किल्ली तिनं काढून घेतली आणि दोघांना पुण्याला न्यायचं ठरलं. गाडी विकायची होती. सरांचा मला मोबाईलवर निरोप आला, अक्षरं इकडची तिकडं झालेली: अकराचं बसव. चुकीचा हिशोब आत ठेवून गाडी द्यायची नाही. मी त्याच दिवशी गाडी आणली. तीन वेळा शेंदूर लावला, तीन वेळा पुसला, तेव्हा कुठं जोडी मनासारखी बसली.

गाडी परत नेली तर सर ओट्यावर खुर्चीत होते. त्यांनी काकूंकडं बोट करत खुणेनं मला सांगितलं, हिला एक चक्कर मारून आण. गाडी दोनच माणसांची. मी चालवायची म्हणजे दोघांतल्या एकालाच येता येणार होतं. काकू नको नको म्हणत होत्या, सरांनी हातानं ढकलल्यासारखं केलं तेव्हा बसल्या.

समृद्धीला लागलो, ऐंशी धरली. काटा अडीच हजारांच्या जरा खाली थांबला आणि इंजिन नुसतं गुणगुणत राहिलं. खाली टायरचा आवाज येत होता, टपाच्या कापडाची फडफड येत होती.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "माझंच बोलणं मला ऐकू यायलंय की. त्या दिवशी तर कान किटले होते."

थोडं पुढं गेल्यावर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी हे मला काहीतरी बोलले. बराच वेळ बोलत होते. तोंड हललेलं दिसायचं नुसतं. एक शब्द कळला न्हाई बघा."

"पण काकू, तुम्ही मान हलवली म्हणले सर."

"हलवली की. डोळे भरून आल्ते त्यांचे. अशा वक्ताला काय म्हणालात म्हणून विचारायचं का? म्हटलं, घरी गेल्यावर विचारू. पण घरी आल्यापासून ते इतके निवांत झोपायलेत. लग्नाला चाळीस वर्षं झाली, असे झोपलेले मी पाह्यले न्हाईत. आता विचारलं तर त्यांना कळंल, मला काहीच ऐकू आलं न्हाई म्हणून." त्यांनी पदर तोंडाला लावला. मग माझ्याकडं वळून विचारलं, "तुम्हाला काही बोलले का हो? काय होतं ते?"

"न्हाई काकू. मला न्हाई सांगितलं." एवढं एक तरी खरं होतं.

पुढच्या फाट्यावरून वळून आम्ही परत आलो. काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी सरांजवळ बसलो, कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"ऐकू येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं सर. तुमचा हिशोब बराबर होता."

त्यांना बरं वाटलं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं.

त्यांच्यात अजून एवढा आवाज होता. कान जवळ नेला की शब्द न् शब्द कळत होता. मला फक्त म्हणायचं होतं, सर, त्या दिवशी काकूंना काहीच ऐकू गेलं नव्हतं, आता त्यांना जवळ घ्या आणि पुन्हा एकदा सांगा. काकू पाच पावलांवर, चुलीशी होत्या. पण ते म्हणायचं म्हणजे त्यांनी मला दिलेली माफी त्यांना परत करावी लागली असती. मला ती हवी होती.

पंधरा दिवसांनी ते पुण्याला गेले. तिथं आधी आवाज पूर्ण गेला, मग ते गेले. काकू सणावाराला फोन करतात, तब्येतीचं, पावसापाण्याचं विचारतात. त्या दिवशीचा विषय त्या काढत नाहीत. त्या ओट्यावर दोन मिनिटं मिळाली होती मला, आणि मी चहा पिऊन निघून आलो.