अकरा दिवसांत चाळीस वर्षं

प्यो इन-सुकचं काम वस्तू म्हाताऱ्या करण्याचं होतं. अणुवीज केंद्रात बसवायच्या केबलचे हातभर तुकडे तिच्याकडे यायचे. ती ते ओव्हनमध्ये टांगायची. दीडशे अंशांवर अकरा दिवस राहिले की त्यांचं वय चाळीस वर्षं धरलं जायचं. मग ते तुकडे कोबाल्टच्या किरणांखाली जायचे आणि शेवटी वाफेच्या टाकीत. तिथे केबलमधून वीज सोडून तिच्यावर गरम वाफ आणि रसायनाच्या पाण्याचा फवारा सोडत. अणुभट्टीचा मोठा पाइप कधी फुटलाच, तर त्या इमारतीत हेच होणार. नवी केबल अशा वेळी टिकेलही. पण अपघात केबल नवी असतानाच होईल असं कोण सांगणार? चाळीस वर्षं जुनी झालेली केबलसुद्धा त्या दिवशी झडपांपर्यंत वीज पोचवते की नाही, हे बघायचं, म्हणून आधी तिला म्हातारी करायची.

हे सगळं तिने मला समजावून सांगितलं, कारण मी विचारून विचारून तिचा जीव खाल्ला होता. माझी मुलगी सोल-ही त्याच केंद्रात, विजेच्या दुरुस्तीच्या तुकडीत आहे. इन-सुक आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला ओन्नी म्हणते, म्हणजे ताई.

"ओन्नी, तुमच्याकडे पास झालेली केबल खरोखर पास झालेली असते ना?"

"नाही गं. आम्ही नाणं उडवतो. छाप पडला की पास."

"थट्टा नको."

"मग असले प्रश्न नकोत. तुला सगळ्यात काळंच दिसतं. भात पांढरा शिजला तरी विचारशील, इतका पांढरा कसा?"

इन-सुक फारशी शिकलेली नव्हती. समुद्री शेवाळ वाळवणाऱ्या घरातली मुलगी, पंधराव्या वर्षी पुसानच्या बुटांच्या कारखान्यात लागली. दिवसभर रबराचे तळवे कापायचे, संध्याकाळी कामगारांच्या शाळेत जायचं. तिथेच तिच्या बोटांना रबर कळायला लागलं. चिमटीत धरून ती सांगायची की हा घाणा कच्चा राहिलाय, ह्यात गंधक जास्त पडलंय. कारखाने बंद पडले तेव्हा केबल तपासणाऱ्या ह्या प्रयोगशाळेत आली, आधी झाडलोट करायला. एकदा केराच्या टोपलीतला केबलचा तुकडा दाबून ती म्हणाली, "हा करपलाय." तेव्हाच्या साहेबांनी मोजून पाहिलं, तर ओव्हनचा एक कोपरा बारा अंशांनी जास्त तापत होता. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात झाडूऐवजी नोंदवही आली. ह्या गोष्टीला चोवीस वर्षं झाली.

त्या वर्षी छुसक, म्हणजे पितरांचा सुगीचा सण, झाल्यावर चार दिवसांनी एक खेप ओव्हनमधून बाहेर निघाली. इन-सुकने पहिला तुकडा चिमटीत धरला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. चाळीस वर्षांची केबल कडक हवी, वाकवली की कुरकुरायला हवी. ही मुकाट्याने वाकली. ताणून तोडायच्या यंत्रावर लावली, तर जेवढी ताणली जायला हवी त्याच्या दुपटीहून जास्त ताणली गेली, मग तुटली.

तिने टीमप्रमुख थाक साहेबांना सांगितलं.

"चांगली केबल आहे म्हणून तशी आहे," थाक साहेब म्हणाले. "वाईट निघाली की तुम्ही रडता, चांगली निघाली तरी रडता. प्यो बाई, तुम्हाला हवंय तरी काय?"

"इतकी चांगली केबल मी पाहिली नाही, साहेब."

"मग आता पाहा."

तुकडे पुढे गेले. किरणांतून पास, वाफेतून पास. अहवालाचं काम सुरू झालं.

मला हे नोव्हेंबरात कळलं, तेही योगायोगाने. दर वर्षी आम्ही दोघी मिळून हिवाळ्याची किमची, कोबी-मुळ्याचं लोणचं, घालतो. मी कोबीची टोपली घेऊन तिच्या घरी गेले, तर स्वयंपाकघरात एका रिकाम्या बाटलीला काळ्या केबलचा तुकडा गुंडाळलेला. मला पाहताच तिने त्यावर फडकं टाकलं. फडकं टाकलं नसतं, तर मी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं.

"ते काय आहे?"

"काही नाही. उरलेला तुकडा."

"कामावरचं घरी आणायला परवानगी आहे?"

"नाही."

"मग?"

ती मुळा किसत राहिली. मी समोर बसून कोबीला मीठ चोळत राहिले, आणि तिच्याकडे बघत राहिले. तिसऱ्या कोबीला ती बोलली. म्हाताऱ्या केबलला असं गुंडाळलं की तडे जातात, आणि ह्या तुकड्याला एकही गेला नव्हता.

तिचा पहिला संशय केबल बनवणाऱ्या कंपनीवर होता. त्यांचा माणूस छुसकच्या आधी सोनेरी कागदात गुंडाळलेल्या नाशपातींची पेटी घेऊन आला होता. त्याने तपासणीसाठी वेगळी, खास चांगली केबल दिली असेल का? तिने त्याच कंपनीच्या आधीच्या खेपेतला, कापून ठेवलेला जुना तुकडा काढला. आवरण तेच, छपाई तीच, वासही तोच. मग संशय थाक साहेबांवर गेला, कारण नाशपाती त्यांनी खाल्ल्या होत्या. कोणी तुकडे बदलले का? पण प्रत्येक तुकड्याला तिने स्वतः तारेने बांधलेले पत्र्याचे बिल्ले तसेच होते. मग तिने नोंदवही काढली. तापमान लिहिणारं यंत्र त्या महिन्यात दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून दर चार तासांनी हाताने नोंद होत होती. अकरा दिवस, दीडशेच्या आसपास, एकही खाडाखोड नाही. प्रत्येक दिवसाखाली सहीच्या जागी प्यो इन-सुकच्या नावाचा शिक्का.

"मग सगळं ठीकच आहे की," मी म्हणाले.

"त्यातले पाच दिवस मी सासरी होते."

ती थोरली सून. छुसकला पितरांचं पान तिनेच मांडायचं, अठरा माणसांचं रांधायचं. आदल्या वर्षी ओव्हन बिघडला म्हणून तिला ऐन पूजेच्या सकाळी परत बोलावलं होतं. तेव्हापासून सासूबाई तिला 'सरकारी बाई' म्हणतात. म्हणून ह्या वर्षी ती शिक्का टेबलाच्या खणात ठेवून गेली. त्यात चोरून काही नव्हतं. सुट्टीवर जाताना सगळेच तसं करत. जो मागे राहील त्याने बघायचं, लिहायचं आणि ज्याची पाळी त्याचा शिक्का मारायचा. माणूस बदलला तरी काम थांबत नाही, असं ते अभिमानाने सांगत.

"मागे कोण राहिलं होतं?"

"दोक-सू."

ना दोक-सू तिच्याहून चार वर्षांनी लहान. त्याचे आईवडील नाहीत, गावी कोणी उरलं नाही, म्हणून दर सणाला पहारा त्याचाच. तिला तो नूना म्हणायचा. आमच्याकडे पुरुष थोरल्या बहिणीला तसं म्हणतात.

मी म्हटलं, "त्याला पैसे मिळाले असतील."

"तू गप्प बस."

पण ती स्वतः गप्प बसली नाही, पुढचंही सांगत गेली. जेवणाच्या खोलीत भिंतीवर वीजबचतीचा तक्ता लावलेला असतो, महिन्यातल्या प्रत्येक दिवसाची वीज दाखवणारा. सप्टेंबरच्या तक्त्यावर थाक साहेबांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'सणात उत्तम बचत, सर्वांचे अभिनंदन'. छुसकच्या पाच दिवसांचे खांब जमिनीला टेकलेले. दोन महिने इन-सुक त्या तक्त्याखाली बसून जेवली होती. एक ओव्हन दिवसरात्र चालला असता, तर ते खांब निदान गुडघ्याएवढे तरी दिसले असते.

आदल्याच आठवड्यात तिने दोक-सूला प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणात गाठलं होतं. हे सगळं तिने मला जसं सांगितलं तसं लिहिते.

"ओव्हन बंद होता ना रे?"

तो आधी हसला. मग त्याने सिगरेट विझवली, जी त्याने नुकतीच पेटवली होती.

"पहिल्याच संध्याकाळी पंख्याचा पट्टा जळायला लागला, नूना. खोलीभर धूर. मी एकटा. आग लागली असती तर?"

"बंद केलास, ते बरोबर. मला फोन का नाही केलास?"

"तुझ्या सासूने मागच्या वर्षी तुला काय काय ऐकवलं, ते तूच सांगितलंस ना? रडली होतीस. म्हटलं, पट्टा मिळेल, तासाभरात चालू करीन. सणात दुकानं कुठली उघडी? पाच दिवस गेले."

"आणि लिहिलंस दीडशे."

"दीडशेच लिहिणार ना. शून्य लिहिलं असतं तर तुझ्या शिक्क्याखाली शून्य आलं असतं. तुझ्यासाठीच केलं मी."

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

हे ऐकून मी विचारलं, "फक्त तुझ्यासाठीच केलं, हे तुला पटलं?" ती म्हणाली, पटलं. मला अजून पूर्ण पटलेलं नाही. पण त्याच्या घरी नाशपातीची पेटी कोणी पाहिली नाही, हेही खरं.

म्हणजे ती केबल चाळीस वर्षांची नव्हतीच. बाविसाच्या आसपासची होती. बावीस वर्षांची केबल वाफेत टिकली, म्हणून चाळीस वर्षांची टिकेल का? टिकेलही. कोणालाच माहीत नव्हतं. आणि जानेवारीत केंद्र दुरुस्तीसाठी बंद होणार होतं, तेव्हा तीच केबल भट्टीच्या इमारतीत ओढली जाणार होती. ओढणाऱ्यांत सोल-ही होती. एकदा आत गेलेली केबल पुन्हा कोणी उकरून बघत नाही.

मी तिला 'सांग' असं म्हटलं नाही. तिच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कागदावर खोटं तिने लिहिलं होतं, कारण शिक्का तिचा. मी फक्त विचारलं, "सोल-ही कधी आत जाणार, तारीख सांगू का?"

"धमकी देतेस?"

"तारीख सांगते."

"माहीत आहे मला तारीख," ती म्हणाली आणि भांडं इतक्या जोरात ठेवलं की मिठाचं पाणी उडालं. ते मी पुसलं, आणि उरलेली किमची आम्ही घातली.

सोमवारी ती थाक साहेबांकडे गेली. साहेबांनी दार लावून घेतलं.

"पाच दिवस कमी पडले ना? मग ठेवलेल्या तुकड्यांना आता पाच दिवस ओव्हनमध्ये टाकू. हिशेब पुरा."

"ते किरण खाऊन, वाफेत शिजून आलेत, साहेब. आता तापवून काय कळणार?"

"प्यो बाई, शिक्का कोणाचा आहे?"

"माझा."

"मग नीट विचार करा. दोक-सूची दोन मुलं कॉलेजात आहेत. तुम्ही त्याला भावासारखं मानता, म्हणे."

तिने तीन दिवस विचार केला. त्या तीन दिवसांत ती मला जिन्यात दोनदा भेटली आणि दोन्ही वेळा बुटाची नाडी बांधत खाली बघत राहिली. मला वाटलं, नाही सांगणार. सोल-हीला सांगायला मी फोन हातात घेतला होता. चौथ्या दिवशी इन-सुकने केंद्राच्या गुणवत्ता विभागाला हाताने दोन पानं लिहिली. पहिल्या ओळीत, सुट्टीवर जाताना शिक्का मी ठेवून गेले. दोक-सूचं नाव तिसऱ्या ओळीत होतं. त्याचं नाव न घालता लिहिता येईल का, हे तिने चार कागद फाडून पाहिलं होतं. येत नव्हतं.

केबलची रिळं केंद्राच्या गोदामातच अडकली, जानेवारीचं काम पुढे ढकललं गेलं. प्रयोगशाळेत बाहेरची माणसं येऊन बसली. इन-सुकचा दोन महिन्यांचा पगार कापला आणि तिला भांडारात टाकलं. दोक-सूला राजीनामा द्यावा लागला. नवे तुकडे कापले गेले, नवे अकरा दिवस सुरू झाले, आणि त्या ओव्हनच्या खोलीत जायला तिला बंदी झाली.

आता संशय तिला लागला. रोज संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसायची. "आज शिक्का कोणी मारला, कोण जाणे. पंखा फिरतोय का, कोण जाणे." मी म्हणायचे, "ओन्नी, तुला सगळ्यात काळंच दिसतं." ती माझ्याकडे रागाने बघायची, आणि मग दोघींनाही हसू यायचं. पण मी हसत असले तरी तेच मलाही विचारायचं होतं.

मार्चमध्ये निकाल लागला. केबल पास. वाफेच्या दुसऱ्या दिवशी विजेची गळती मर्यादेच्या अगदी काठाला जाऊन परतली, पण पास.

जेवणाच्या खोलीत सगळ्यांसमोर थाक साहेब म्हणाले, "पाहिलंत प्यो बाई? शेवटी पासच. चार महिने गेले, एका माणसाची नोकरी गेली, आणि केबल होती तशीच आहे."

"होती तशीच आहे, हे तुम्हाला कधी कळलं साहेब?"

"आज."

"मग जानेवारीत तुम्ही काय सांगून त्या पोरांना आत पाठवणार होता?"

थाक साहेबांनी सूपच्या वाटीत चमचा फिरवला. बाकीचे जेवत राहिले.

त्या शुक्रवारी इन-सुक अर्धी रजा घेऊन दोक-सूच्या घरी गेली, किमचीचा डबा घेऊन. तो दारात उभा राहिला. आत ये म्हणाला नाही.

"पास झाली, ऐकलं," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं."

"बंद केलास, त्यात चुकलं नाही. चालू होता असं लिहिलंस, ते चुकलं."

"आणि तू शिक्का ठेवून गेलीस ते?"

"ते माझं. तसं मी लिहून दिलंय. पहिल्या ओळीत."

"पहिल्या ओळीत लिहून तुला भांडार मिळालं, नूना. मला तिसऱ्या ओळीत हे मिळालं." त्याने हाताने घराकडे दाखवलं. दुपारचे तीन वाजले होते आणि तो घरातल्या कपड्यांवर होता.

आतून त्याची बायको म्हणाली, "दार लाव, थंडी येते."

त्याने दार लावलं. डबा इन-सुकने उंबऱ्याशी ठेवला आणि ती बसने परत आली.

एप्रिलमध्ये सोल-हीची तुकडी केबल घेऊन आत गेली. नऊ दिवस काम चाललं. मी रोज तिला फोन करून विचारलं, आणि ती रोज वैतागली. आमच्या इमारतीच्या जिन्यात इन-सुक भेटली की मी तिलाही विचारते, दोक-सूने डबा परत केला का.

"अजून नाही," ती म्हणते. "पण डबा दारातही नव्हता, मी जाऊन पाहिलं. म्हणजे आत तरी घेतलाय."

मी म्हणते, "किंवा फेकलाय."

"किंवा फेकलाय," ती म्हणते, आणि वर चढू लागते.