वायरमनचा पर्दाफाश

हसायचं नाही असं कबूल करा, मगच सांगतो. आणि कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना एकाने माझ्या शर्टावर चहा सांडला होता.

वाशीमच्या आमच्या साप्ताहिकात सात वर्षं दर रविवारी एक चित्रकथा येते. नायक वायरमन. एरवी साधा लाइनवरचा माणूस, पण गावावर संकट आलं की अंगात वीज खेळवत खांबावरून खांबावर उड्या मारणारा! लिहिणारी आणि काढणारी एकच, रिठदच्या चित्रकलेच्या शिक्षिका सुमेधा मॅडम.

मॅडम स्कूटीवरून पडल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये. आता चित्रकथा कोण चालवणार? संपादकांनी सगळ्या खुर्च्यांकडे पाहिलं. माझी सोडून सगळ्या रिकाम्या होत्या.

"चित्रं जुनीच वापरा सर, फक्त फुग्यातलं बोलनं नवं लिहा," मॅडम म्हणाल्या. "आन एक विनंती. तुमी काही करू नका. नुसतं चालू ठेवा. लेकरू हाय ते माझं."

काही करू नका? मला? ज्याच्या एका बातमीने दोन साहेबांच्या बदल्या झाल्या, त्याला?

मी जुनी चित्रं टेबलावर पसरली आणि माझ्यातला बातमीदार ताडकन उठून बसला. वीज गेली की हा माणूस दोन मिनिटांत हजर! याला आधीच कसं कळतं? सात वर्षांत याची कोणी चौकशीच कशी केली नाही? तुम्हीच सांगा, संशय येतो की नाही?

एका चित्रात तो खांबावर चढून तार जोडत होता. मी फुग्यात लिहिलं, "आज मीच कापतो, उद्या मीच जोडतो. गाव टाळ्या वाजवेल!" खाली ठळक अक्षरांत ठोकलं: 'सात वर्षांचं बिंग फुटलं! वायरमनच अंधाराचा सूत्रधार!'

सोमवारी सकाळपासून फोन. जो तो भडकलेला.

"तुमी हे काहून केलं?"

"पुरावा आहे का तो निर्दोष असल्याचा?" मी गरजलो.

आणि लोक पुरावे द्यायला लागले हो! रिठदच्या एका मुलीने तीन वर्षांपूर्वीच्या पानाचा फोटो पाठवला. 'हे पाहा, गावातली लाइन गेली त्या दिवशी तो पुलाखाली म्हैस काढून राह्यला होता. तार कापाले कसा येईन?' उभ्या आयुष्यात मला कोणी असं उघडं पाडलं नव्हतं.

मग धनजचे किसनराव एसटीने थेट कार्यालयात आले. साठीचे शेतकरी, काखेत सात वर्षांच्या कात्रणांची फाइल.

"सायब, तुमी त्याले मारून टाकलं असतं तरी चाललं असतं. आमी रडलो असतो अन् गप बसलो असतो."

"मग बिघडलं काय?"

"तुमी त्याले मांगच्या तारखेपासून खराब केलं! तो पयल्यापासूनच तसा व्हता म्हन्ता. मंग सात वर्सं आमी कोनासाठी टाळ्या वाजवून राह्यलो होतो?"

"अहो किसनराव, तो कागदावरचा माणूस आहे!"

"मले मालूम हाय. तुमालेच मालूम नाही. तुमी तर त्याची चौकशी लावली!"

ते गेले आणि मला एका जागी बसवेना. दारापर्यंत जायचं, परत यायचं, पंखा लावायचा, बंद करायचा. मॅडमचं प्लास्टर निघायला आले दिवस! तोवर हे निस्तरायचं कसं?

वर्तमानपत्रात चूक निस्तरायची एकच रीत मला येते. पुढच्या रविवारी चित्रकथेत चौकट टाकली: 'खुलासा. वायरमन यांनी तार कापल्याचे नजरचुकीने प्रसिद्ध झाले. तार त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या अन्य इसमाने कापली. त्यांच्या भावना दुखावल्याबद्दल दिलगीर आहोत.'

फोन दुप्पट! "आमाले येडं समजता काय?"

तिसऱ्या रविवारी लिहून टाकलं की वायरमनला शॉक बसला होता आणि हे सगळं त्याला पडलेलं स्वप्न होतं.

त्यानंतर फोन बंद. एकही नाही! घाबरून मीच किसनरावांना फोन लावला.

"राग गेला का?"

"राग कायले येईन? आता कोनी मेलं तरी म्हनू, स्वप्न असन. वाचाच कायले मंग?"

शिव्या परवडल्या असत्या. मॅडमचं लेकरू मी मारलंही नव्हतं, जिवंत ठेवून निरर्थक करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. गळ्यात हात, चेहऱ्यावर काही नाही. तिन्ही अंक उभ्यानेच वाचले. मी येरझाऱ्या घालत होतो.

"मॅडम, मी..."

"पेन्सिल द्या."

आणि डाव्या हाताने वेडावाकडा एक माणूस काढला. सुटलेलं पोट, कपाळावर चष्मा, खांद्यावर झोळी. नाव, फुगेभरू! याची शक्ती भयंकर. दुसऱ्याच्या फुग्यात खोटं बोलणं भरतो. तीन रविवार वायरमनच्या तोंडी यानेच नको ते घातलं.

रविवारी किसनरावांनी सकाळी सातला फोन केला. "जमलं! आमचा मानूस साफ सुटला! अन् सायब, तो फुगेभरू लई नालायक हाय!"

बाजारात ऑटोवाले हाका मारू लागले. "ओ फुगेभरू, कोनाच्या तोंडात काय भरून राह्यले?" आधी मी भांडलो. मग थोडा कमी भांडलो. मग, खरं सांगू? चष्मा मुद्दाम कपाळावर ठेवून हिंडू लागलो.

आणि प्लास्टर निघाल्यावर मॅडमनी काय करावं? फुगेभरूला पश्चात्ताप! वायरमनच्या पाया पडतो, हुंदके देतो, सुधारतो!

माझं डोकं फिरलं. हा माणूस माफी मागेल? हा? पहिल्यापासून ताठ मानेने खोटं बोलणारा गडी! त्याचा स्वभाव काय, तुम्ही लिहिता काय! अडीच पानांचं जळजळीत पत्र खरडलं आणि संपादकांच्या टेबलावर आपटलं.

त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत वाचलं.

"एवढ्या शिव्या तर किसनरावांनीही दिल्या नव्हत्या. खाली नाव काय टाकू?"

मी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"टाका... एक चाहता."