चितळांची वाटणी

१९९८ साली माझी बदली रत्नागिरीच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली. काम ठरलेलं होतं, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या. त्यासोबत एक जादा काम गळ्यात पडलं. शहराबाहेरच्या कातळावर एका ट्रस्टची छोटी हरणबाग होती, तिथली चितळं अधूनमधून तपासून यायची. मी देशावरची. चितळ तोवर मी कॉलेजच्या सहलीत, तेही लांबून पाहिलं होतं.

बाग म्हणजे जांभ्या दगडांचा कुंपणाचा गडगा, त्यावर उंच जाळी, आत दोन वड आणि जागेच्या मानाने फार हरणं. सांभाळायला एक चाचा होते. आयुष्यभर आखातात बोटींवर खलाशी होते आणि गुडघे गेल्यावर गावी परतले होते.

"एवढी कशी झाली हो?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"एक नर नि तीन माद्या आणल्या होत्या, बाई. बाकी सगळी हितलीच."

"आणि दुसरा नर?"

"मोठा नर हाच. बाकीच्यांना हा पुढं येऊ देत नाय."

वडाखाली तो उभा होता. शिंगं भरदार, मानेवरचे केस काळपट. कळपातली जवळजवळ सगळी पाडसं त्याची होती, त्याच्या मुलींना झालेलीसुद्धा. त्याचा परिणाम दिसायला लागला होता. पाडसं अशक्त निपजत होती, एकाचा पाय जन्मापासून वाकडा होता.

ट्रस्टचे अध्यक्ष कापडाचे व्यापारी होते. नर-माद्या वेगळ्या करा म्हटल्यावर ते हसलेच. "पाडसं नसली तर लोक रविवारी येतील कशाला?"

"पाडसं होत राहिली तर त्यांना उभं राहायला जागा उरणार नाही," मी म्हणाले.

ते ऐकेनात. पुढे गव्हाणीवरच्या रेटारेटीत एक पाडस पायदळी गेलं. ते त्यांनी स्वतः पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी गवंडी पाठवला. बागेच्या मधोमध भिंत उभी राहिली.

हरणं अलीकडे-पलीकडे करणं भिंत बांधण्यापेक्षा अवघड होतं. चितळाला धरायला गेलं की ते जाळीवर जाऊन आपटतं, भीतीनेच मरतं. पण पलीकडचं दिसलं नाही तर ते सहसा उडी मारत नाही. म्हणून आम्ही बंदरावरून जुन्या ताडपत्र्या आणल्या, त्यांची बोळकांडी केली आणि चाऱ्याच्या लोभाने एकेकाला आत घेत वाटणी केली. चाचा सबंध सकाळ एक शब्द बोलले नाहीत. काम संपल्यावर मात्र बंदरावरच्या शिव्या सुरू झाल्या, हरणांना नव्हे, ताडपत्र्यांना.

नरांची शिंगं मऊ होती तोवर त्यांच्या बाजूला शांतता होती. शिंगं टणक झाली, माज आला आणि झुंजी लागल्या. तो मोठा नर आता म्हातारा झाला होता, तरी सवयीने पुढे व्हायचा. एके दिवशी त्याच्याच एका तरण्या मुलाने त्याला गडग्यापर्यंत रेटत नेलं आणि कुशीत शिंग खुपसलं. मी टाके घातले, पण त्याला परत त्या कळपात सोडणं म्हणजे मारायलाच देणं होतं. त्याला बागेच्या मागच्या बाजूच्या पडवीत एकटं ठेवलं.

जखम भरली. तो मात्र खाईना. भिंतीकडे तोंड करून कान टवकारून उभा राहायचा. चितळ कळपात राहणारं जनावर, एकटं पडलं की त्याला प्रत्येक आवाज शत्रूचा वाटतो. नरांत सोडता येत नव्हतं आणि माद्यांत सोडलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चाचांनी आणि मी सर्वांत म्हातारी मादी निवडली. आणलेल्या पहिल्या तिघींपैकी ती एकटीच उरली होती. दाढा झिजलेल्या, पाठ खोलगट, बऱ्याच दिवसांत व्यायलेली नाही.

"ही आता काही व्यायची नाही," मी म्हणाले.

"छे, हिचं काय आता," चाचा म्हणाले.

ती पडवीत आली आणि दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने कोंड्यात तोंड घातलं. दोघं शेजारी बसून रवंथ करायची. मला बरं वाटलं. अध्यक्षांना तसं कळवलंही.

पावसाळा सरत आला तेव्हा तिचं पोट वाढलेलं दिसलं. मला जंताचा संशय आला, मी औषध दिलं. चाचांना वाटलं पोटात पाणी झालंय, ते तिला कोंड्यातून ओवा चारत राहिले. मग एका सकाळी दवाखान्यात फोन आला.

"बाई, म्हातारीचं पाणी उतरलं."

"उतरलं म्हणजे?"

"चार पायांवर उभं हाय. दूध पितंय."

मी स्कूटर काढून पोचले तर ओलं, ठिपक्याठिपक्यांचं पाडस तिच्या पोटाखाली डोकं घुसवत होतं. चाचा पदराने तोंड झाकणाऱ्या बाईसारखे खांद्यावरच्या पंच्याने तोंड झाकून हसत होते.

"म्हाताऱ्याच्या दाढा गेल्या बाई, बाकी काय नाय गेलं."

अध्यक्ष पेढे घेऊन आले. "तुमचा बंदोबस्त बघायला आलो," म्हणाले.

चेष्टा संपली आणि काळजी लागली. म्हातारीला दूध पुरेसं नव्हतं. पाडसाला बाटली लावणं सोपं होतं, पण बाटलीवर वाढलेलं हरीण माणसांत रमतं, मग कळपात नीट मिसळत नाही. म्हणून आम्ही आईलाच खाऊ घातलं. चाचांची सून हरभऱ्याची चुणी भिजवून, गूळ घालून, तिला चावायची गरज पडू नये इतकी मऊ करून द्यायची. पाडस मादी होती. किडकिडीत राहिली, पण जगली.

पुढे लहान बागांसाठी नियम कडक झाले. ते पाळणं ट्रस्टला झेपणार नव्हतं. देशावरचं एक मोठं उद्यान कळप घ्यायला तयार झालं. तिथे नर-माद्या वेगळे राहणार होते आणि वीण करायची ती बाहेरच्या नराशीच. तिथले डॉक्टर येऊन बघून गेले. म्हातारा, म्हातारी आणि वाकड्या पायाची ती वांझ मादी घाट चढेपर्यंत टिकणार नाहीत, यावर आमचं एकमत झालं. ती इथेच राहतील, बाग लोकांना बंद होईल.

"नि आमची बारकी?" चाचांनी विचारलं.

"ती जाईल."

"आयशीपासनं तोडायची?"

"चाचा, इथे ठेवली तर ती मोठी होईल तेव्हा तिच्यासाठी नर कोण असेल? तिचा बापच ना?"

 चाचा उठून ट्रकवर चढवायच्या पिंजऱ्यात गवत अंथरायला लागले.

ट्रक गेल्यावर कातळ एकदम ओसाड वाटला. म्हातारी काही दिवस भिंतीपाशी जाऊन उभी राहायची, मग ते सुटलं.

पुढच्या पावसात म्हातारा बसला तो उठेना. दाढा पार संपल्या होत्या, लापशीसुद्धा गालातून गळत होती. मी आणि चाचांनी त्याला दोनदा टेकू देऊन उभं केलं, दोन्ही वेळा तो कोसळला.

"औषध नाय काय?" चाचांनी विचारलं.

"आहे. पण उठवणारं नाही."

 चाचा खाली बसले, पंच्याने म्हाताऱ्याचे डोळे झाकले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी सुई दिली. चाचा ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. श्वास थांबल्यावरही त्यांनी पंचा लगेच काढला नाही. वनखात्याचा माणूस येऊन पाहून गेल्यावर त्याला तिथेच पुरलं.

आता म्हातारीही खाणं सोडणार, असं मी धरूनच चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी लापशीचं भांडं घेऊन मुद्दाम गेले. ती गव्हाणीवर होती. वाकड्या पायाच्या मादीला डोक्याने बाजूला ढकलून तिच्या वाटणीचंही खात होती.

"हिला काय धाड भरली नाय," चाचा म्हणाले.

त्या दोघी पुढे काही वर्षं एकमेकींच्या सोबतीने राहिल्या. त्या दिवशी मी भांडं चाचांच्या हातात दिलं आणि स्कूटर वळवली. भाट्ये गावात एक शेळी व्यायला अडली होती, तिकडे जायचं होतं.