दोन ओहमचा अन्याय

माझ्या चुलत्यांच्या मोटारीला मी सरकारविरुद्ध साक्षीदार म्हणून उभं केलं, ही गोष्ट खरी आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. नव्या जिल्ह्याचं आम्हाला मिळालेलं पहिलं फळ म्हणजे कुठल्याही कचेरीत गेलं की उत्तर मिळायचं, "तुमची फाईल अजून उस्मानाबादला आहे." निलंग्याहून आमच्या गावात पाण्याचा टँकर चार दिवसांनी एकदा यायचा. मधल्या दिवसांची सगळी भिस्त किसनकाकांच्या विहिरीवर. विहिरीत पुरुषभर पाणी होतं. काकांची पाच हॉर्सपॉवरची मोटार ते उपसून गल्लीच्या हौदात टाकायची. मोटारीला लागणारी थ्री-फेज वीज सकाळी फक्त दोन तास. तेवढ्यात हौद भरला तर साठ घरं पाणी प्यायची. नाही भरला तर रोजगार हमीवर दिवसभर खडी फोडून आलेल्या बायका घागरी घेऊन दीड कोस चालायच्या.

आणि संक्रांतीपासून मोटार पाणी उचलेना. नुसती गुरगुरायची, तापायची आणि हौदात करंगळीएवढी धार सोडायची.

मी तेव्हा बावीस वर्षांची. नांदेडला दोन वर्षं चळवळीत काढून गावी परतलेली. पत्रक कसं लिहायचं हे मला झोपेतही येत होतं: वर प्रश्न, मधे आरोप, खाली तीन मागण्या. (पुरावा कुठे घालायचा हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.) पण या वेळी पुरावा आणायचाच असं ठरवलं आणि आयटीआयमधल्या मैत्रिणीकडून दोन मीटर उसने आणले.

वीज नसताना मोटारीच्या गुंडाळीचा रोध मोजला. दोन ओहम. वीज आल्यावर दाब मोजला. चारशे व्होल्ट पाहिजेत तिथे तीनशे. ओहमचा नियम मला दहावीपासून पाठ. तीनशे भागिले दोन, म्हणजे दीडशे अँपिअर करंट यायला हवा. दुसरा मीटर, चिमट्यासारखा असतो तो, वायरीला लावला. अकरा.

"काका, दीडशे यायला पाहिजेत. अकराच यायलेत."

"मंग बाकीचे?"

"अडवलेत."

"कोन?"

मी निलंग्याच्या वीज कचेरीच्या दिशेला बोट केलं. चंद्रभागाकाकू भाकरी थापत होत्या. त्यांची वजाबाकी माझ्यापेक्षा जलद. "एकशे एकुनचाळीस अडवले?" त्या म्हणाल्या. "काय लाज हाय का न्हाई त्यांला?"

झालं. दुसऱ्या दिवशी गुलाबी कागदावर छापून तयार: 'आमचे एकशे एकोणचाळीस अँपिअर कुठे आहेत?' साठ बायका, साठ रिकाम्या घागरी आणि सगळ्यात पुढे मी, अशी आम्ही कचेरीवर धडक मारली. अँपिअर म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण आपलं आहे आणि दुसऱ्यानं ठेवून घेतलंय म्हटल्यावर घोषणा फार जोरात झाल्या.

तिसऱ्या दिवशी कचेरीची जीप गावात आली. आतून एक इंजिनिअर साहेब उतरले. ते अजिबात चिडले नव्हते, हे मला फार खटकलं.

"जयभीम साहेब," काका म्हणाले. "ही आमची पुतणी. हिनंच मोजलं."

साहेबांनी माझं पत्रक दोनदा वाचलं. "मोजलंय बरोबर," ते म्हणाले. "पण हा नियम असा नुसता बॅटरीच्या करंटला लागतो. तो एकाच दिशेनं जातो. हा आपला करंट सेकंदाला पन्नास वेळा पुढंमागं होतो. त्यामुळं गुंडाळीतलं चुंबकत्व सारखं उलटसुलट होतं आणि तेच करंटला अडवतं. तारेचा रोध आणि ही अडवणूक मिळून जे होतं, त्याला पुस्तकात संरोध म्हणतात. करंट तुमची मोटारच अडवते, ताई. कचेरी नाही."

"आन् आमी मागितले तसे दीडशे दिले असते तर?" काकूंनी विचारलं.

"मिनिटभरात मोटार जळाली असती."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. साठ बायकांनीही पाहिलं. पण मी नांदेडला शिकले होते की मोर्चा एका मागणीवर हरला तर दुसरीवर उभा करायचा.

"मग दाब तीनशेच का? त्याला जबाबदार कोण?"

"ही तक्रार खरी आहे," साहेब म्हणाले आणि मोटारीमागच्या भिंतीकडे वळले. तिथे चार खिळ्यांची भोकं होती. "इथला कंडेन्सरचा डबा कुठाय?"

काका ती भोकं न्याहाळू लागले.

साहेबांनी समजावलं. मोटार दोन तऱ्हेचा करंट ओढते. एक पाणी उचलतो. दुसरा नुसतं चुंबकत्व उभं करायला येतो आणि तसाच परत जातो. काम काही करत नाही, पण तारेत जागा अडवतो. ("घरात बी एक हाय तसं," काकू पुटपुटल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.) डबा शेजारी असला की ही ये-जा मोटार आणि डबा यांच्यातल्या यांच्यातच चालते. नसला की ती पार डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, तारेवर चालते, तारा दमतात, दाब पडतो.

"एकाचा डबा नसला तर फार बिघडत नाही. या डीपीवर मोटारी किती?"

"चौदा," काका म्हणाले.

"डबे कितींना आहेत?"

काका माझ्याकडे बघू लागले. "सांग की माय," काकू म्हणाल्या.

सांगावं लागलं. संक्रांतीच्या तोंडावर मी एक पत्रक काढलं होतं: 'डबा हटाव'. तो डबा हलत नाही, आवाज करत नाही, दिसेल असं कुठलंच काम करत नाही, तरी तीन वायरी लावून बसलाय, म्हणजे तो गुपचूप आपली वीज पिणारा कचेरीचा हेर असणार, असं मी सिद्ध केलं होतं. दोन दिवसांत चौदाच्या चौदा डबे निघाले. शंभर टक्के यशस्वी झालेली ती माझी एकमेव चळवळ.

साहेबांनी वही काढून 'चौदा' एवढंच लिहून घेतलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

पण चूक माझी, तर दुरुस्तीही मीच करणार. काकांचा डबा काकूंच्या लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून होता. साहेबांच्या वायरमननं तो बसवला. मोटार चालू केली, दाब जेमतेम पाच व्होल्ट चढला. सगळ्यांचे डबे बसल्याशिवाय हौद भरणार नव्हता. लोकांना पटवावं म्हणून मी वीज बंद केली, डबा काढून हातात घेतला आणि सगळ्यांसमोर भाषण सुरू केलं: "बघा, हा डबा किती निरुपद्रवी..."

वीज गेल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ही माहिती मला माझ्या दोन्ही हातांनी दिली. मी हौदाच्या कट्ट्यावरून पलीकडे, शेणाच्या पाटीत.

किराणा दुकानदार बसवंतअप्पांनी मला उठवलं आणि गर्दीकडे वळून शांतपणे म्हणाले, "पोरीचं पयलं पत्रक खरंच होतं बगा. डबा वीज पितोयच की. आता तिच्यावरच वकला."

मी शेण झटकलं आणि दारोदार फिरले. तेरा घरं. कुठे डबा दाराला टेकण होता, कुठे पाटा त्यावर ठेवला होता. बसवंतअप्पांच्या दुकानात गुळाच्या ढेपेखाली. सगळीकडे एकच उत्तर: "आगं, तूच तर सांगितलंवतं की."

"मी चुकले होते."

"तवा छापून सांगितलंस. आता तोंडी सांगतीस. कोन्तं खरं धरायचं?"

शेवटी बसवंतअप्पांनीच तोड काढली. "पत्रकानं काढले, पत्रकानंच बसवू. छापून आन. खाली तुजं नाव पायजे. आन् पाऊस पडंस्तोवर दुसरं पत्रक काढायचं न्हाई, हे बी त्यातच लिही."

रात्र न घालवता लिहून निलंग्याला छापून आणलं. वर प्रश्न: 'दाब कुणामुळे पडला?' मधे आरोप: माझ्यामुळे. खाली तीन मागण्या: डबा बसवा, वीज बंद केल्यावर वायरमनशिवाय त्याला हात लावू नका, मला माफ करा. शाई वाळायच्या आत वायरमननं काकांच्यासकट चौदाही डबे भिंतीवर चढवले. सकाळी वीज आली तेव्हा मीटरनं तीनशे पंच्याहत्तर दाखवले. मोटारीची गुरगुर थांबली, आवाज सरळ झाला आणि धार मनगटाएवढी पडू लागली. दोन तासांत हौद काठोकाठ. त्या दिवशी कामावरून आलेल्या बायका दीड कोस चालल्या नाहीत.

आठवड्यानं साहेबांची जीप पुन्हा आली. या वेळी त्यांना माझं ते पत्रक हवं होतं, पाचशे प्रती, तालुक्यातल्या बाकीच्या गावांत वाटायला. कचेरीविरुद्ध मी आजवर बरीच पत्रकं काढली, पण कचेरीनं स्वतःहून मागून नेलेलं हे एकच.

नव्या जिल्ह्यात आपलं नाव गावोगाव पोचावं, अशी माझी फार इच्छा होती. पोचलं. कचेरीच्या जीपमधून.