तीनदा म्हणजे काय पुरावा?

काकूंचा फोन आला तेव्हा मी ओरगडमच्या कारखान्यातून सुटलेल्या कंपनीच्या बसमध्ये होते. "काका गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. सहा आठवडे झाले त्याला. आधी रडू आलं नाही, धडकी भरली... एक गोष्ट मला माहीत होती आणि ती मी कुणालाही सांगितली नव्हती.

सुधीरकाका, माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, रेल्वेतून निवृत्त झाल्यावर तांबरमच्या घरी संगणकावर बेसबॉल खेळायचे. म्हणजे संघ ते निवडायचे, सामना संगणक खेळायचा. शेजारीपाजारी क्रिकेटवरून भांडत, काका हा गेम बनवणाऱ्यांशी. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा डावखुरा असला की डावखुऱ्या फलंदाजाला तो सहसा जड जातो. किती जड, हे गेममध्ये खरं उतरलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. दर रविवारी ते खऱ्या खेळाडूंचे आकडे वाचायचे आणि मी तक्ता भरायचे. फारसं बोलावं लागत नसे, म्हणून मला ते काम आवडायचं.

"हा बघ," एकदा ते उसळून म्हणाले. "वर्षभरात डावखुऱ्यांपुढे तीसदा उभा राहिला, दोनदाच जमलं. लगेच यांनी त्याला कायमचा नालायक ठरवला! तीस म्हणजे काय पुरावा?"

"मग काय धरायचं?"

"पुरावा थोडा असला की त्याच्यासारख्या बाकीच्यांचं काय होतं ते बघायचं. कळलं का, इंग्लिश मीडियम?"

कळलं होतं.

पुढे एका रविवारी मला गाडीत बसवायला आले असताना, स्टेशनचा पूल चढताना ते कठडा धरून थांबले. छातीत दुखत होतं. "तिसरी वेळ," ते म्हणाले, आणि माझा चेहरा बघून हसले. "अगं, तीनदा म्हणजे काय पुरावा? काकूला सांगू नकोस. घर डोक्यावर घेईल."

मीही हसले. खरं तर त्यांचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. साठी उलटलेल्या, पूल चढताना छाती दुखणाऱ्या बाकीच्या माणसांचं काय होतं, काका? पण मोठ्यांना उलट बोलायची मला सवय नाही. नंतरचे तीन रविवार आकडे भरता भरता मी त्यांचा श्वास ऐकत राहिले, कपाळावर घाम दिसतो का बघत राहिले. चौथा रविवार आलाच नाही.

पंधरा दिवसांपूर्वी काकूंकडे गेले. त्या काकांच्या खोलीत संगणकावरची धूळ पुसत होत्या. दारातच उभं राहून मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"आणि आता सांगतेस?" फडकं त्यांच्या हातात तसंच राहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मलाही दोनदा म्हणाले होते, छातीत दुखतंय म्हणून... पोरीला सांगू नकोस, आधीच घाबरट आहे, असंही म्हणाले."

बेरीज आम्हा दोघींनाही येत होती. कुणीच ती केली नाही.

आता रोज सकाळी बसमध्ये चढण्याआधी मी काकूंना फोन करते. बरं वाटतंय का, विचारते. त्या हो म्हणतात. मी परत विचारते.

"कितीदा विचारशील गं?" त्या चिडतात.

"अजून एकदाच," मी म्हणते.