उन्हात ठेवलेल्या गोगलगायी
चहाच्या काचेच्या ग्लासावर ऊन पडले की मला अद्यापि म्हसवडच्या तळ्यातील शेवाळाचा वास येतो. त्या काळी मी तेथील चहाच्या टपरीशेजारी बसून जनतेचे अर्ज लिहीत असे. एका सकाळी एक मेंढपाळ आला. जबड्याखाली सूज येऊन त्याची मेंढरे मरत होती. “आवं, माझ्या भावानंच इख घातलंया. लिवा तक्रार!” प्रकरणाचे गांभीर्य ओळखून मी भावाचे नाव सुवाच्य अक्षरांत लिहिले. शेजारीच सांगलीच्या महाविद्यालयातील एक प्राध्यापिका तळ्यातील गोगलगायी टपरीच्या ग्लासांत वेगवेगळ्या घालून उन्हात ठेवीत होत्या. “बाई, आता माझा च्या कोण पिईल?” टपरीवाला कुरकुरला. ऊन चढले तसे ग्लासांतील पाण्यात बारीक पांढरे कण वळवळू लागले. बाईंनी आम्हांस भिंग दिले. एका ग्लासातील किड्यांची शेपटी सरळ होती, दुसऱ्यातील टोकाशी दुभंगलेली. “जाती निराळ्या, पण सारे गोगलगायीतच वाढतात,” बाई म्हणाल्या. “त्यांतले काही काठच्या गवतावाटे मेंढरांच्या पोटात जातात, यकृत पोखरतात, मग जबडा सुजतो.” मेंढपाळाने भिंग खाली ठेवले. “मंजी त्येनं न्हाई केलं?” तो पुटपुटला, आणि एकदम दचकला, “आवं, त्येची मेंढरं बी माझ्यावानी तळ्याकाठीच चरत्यात की! तक्रार फाडा. औषिदाचा अर्ज लिवा, दोघांचा.” मी कोरा कागद घेऊन त्याच्या नावाखाली भावाचे नाव लिहिले. पुढे साताऱ्यास आलो, भावाभावांच्या पुष्कळ तक्रारी लिहिल्या. परंतु तशी एकाखाली एक नावे पुन्हा लिहावयास मिळाली नाहीत.