शिशाचे पट्टे आणि बाईंचा संताप

डॉ. सुमित्रा खांबेटे यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या रागातूनच. दंतवैद्यकाची पदवी घेऊन मी नारायण पेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात रुजू झाले. त्याच सकाळी एका रुग्णाच्या दाढेचा एक्स-रे काढून फिल्मचं रिकामं पाकीट मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. बाईंनी ते बाहेर काढलं, आतला शिशाचा पातळ पत्रा चिमट्याने अलगद सोडवला आणि मला विचारलं, "कॉलेजात फक्त दातच शिकवतात वाटतं?"

दुपारी त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक उभे होते. बाजारात मिळणाऱ्या अशा सैनिकांच्या रायफलींचे पट्टे साच्यातच ओतलेले, अंगाला चिकटलेले असतात. बाई ते कोरून काढत आणि शिशाच्या त्या पत्र्याच्या बारीक फिती कापून नवे पट्टे चढवत. दात सरळ करायच्या तारेतून त्यांची बक्कलं वळवत. "कागदाचा पट्टा हवेत तरंगतो," त्या म्हणाल्या. "शिसं वाकवलं तसं राहतं. रायफलीचा भार कुठे पडतोय ते दिसायला नको का?"

हा ध्यास कुठून आला, हे मला पुढे कळलं. बाईंचे थोरले बंधू, मेजर वसंतराव, तरुणपणी सीमेवर लढले. त्यांच्या तुकडीतले काही जण परतले नाहीत. त्यावर वसंतराव घरात कधी एक अक्षर बोलले नव्हते. कुणी भेट दिलेला असा एक सैनिक बाईंनी कपाटात ठेवला होता. एकदा वसंतरावांनी तो उचलला आणि ते म्हणाले, "ह्याचा खांदा फार मजेत आहे गं. गारठलेल्या हातांना रायफल धरवत नाही. ती पट्ट्यावर लोंबते आणि पट्टा खांद्यात रुततो. आमचा धोंडिबा रायफल उलटी अडकवायचा, नळी खाली. बर्फ आत जाऊ नये म्हणून."

धोंडिबाचं नाव त्या घरात तेव्हा पहिल्यांदा उच्चारलं गेलं. बाईंनी धोंडिबा घडवला, उलट्या रायफलीसकट. तो समोर ठेवल्यावर वसंतराव दुसऱ्याबद्दल बोलले, मग तिसऱ्याबद्दल. अशी ती तुकडी उभी राहिली.

आणि आमच्या व्यवसायातली प्रतिष्ठित मंडळी काय म्हणत होती? "खांबेटेबाई म्हातारपणी बाहुल्या खेळतात." पुरुषाने केला की तो छंद आणि बाईने केली की ती भातुकली! हे बोलणाऱ्यांपैकी कित्येकांचे लेख बाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात आहेत, म्हणून मी हे मुद्दाम लिहिते आहे.

बाईंचा राग स्वतःसाठी क्वचितच असे. यवतमाळचा एक मुलगा एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करत होता. अक्कलदाढ सुजून तोंड उघडत नव्हतं, पण सुट्टी मिळत नव्हती. "घरी नका सांगू जी, आई घाबरते," एवढंच तो म्हणत होता. बाईंनी त्याच्या साहेबांना फोन लावला. "आपल्याला दात आहेत का हो? मग एक उपटून घ्या आणि त्याच रात्री आठ तास इंग्रजी बोलून दाखवा." सुट्टी मिळाली. दाढ काढल्यावर बाईंनी त्याला खोलीवर जाऊ दिलं नाही. सूज उतरेपर्यंत तो त्यांच्या घरी मऊ भात खात होता.

आता मुख्य प्रसंग. शहराच्या वेशीवर, जिथे काल-परवापर्यंत ज्वारी उभी असायची, तिथे एका संगणक कंपनीची काचेची इमारत उभी राहिली. तिचे संस्थापक बाईंचे रुग्ण होते. तुकडी पाहून ते भारावले. म्हणाले, "मॅडम, ही आमच्या दर्शनी दालनात हवी. आमच्या मुलांना कळू दे." प्रजासत्ताक दिनी अनावरण ठरलं. प्रमुख पाहुणे वसंतराव. बाईंनी तुकडी भेट म्हणून दिली.

त्या दिवशी वसंतरावांच्या खांद्यावर शाल घातली गेली आणि पडदा सरला. काचेच्या कपाटात एकाही सैनिकाकडे रायफल नव्हती. त्या मोडून काढल्या होत्या. काही पट्टे तुटले होते आणि उरलेल्यांना लॅपटॉपच्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या बॅगा अडकवल्या होत्या. वर पाटी होती, 'आमची टीम, आमचे जवान.' टाळ्या पडल्या!

कार्यक्रमाची व्यवस्था पाहणारा तरुण हसत पुढे आला. "कन्सेप्ट आवडला ना सर? फॉरिन क्लायंट्स येतात, त्यांना गन्स जरा ऑफेन्सिव्ह वाटतात."

वसंतरावांनी शांतपणे विचारलं, "धोंडिबाची रायफल कुठे आहे?"

"कोण धोंडिबा, सर?"

"ज्याच्या खांद्याला तुम्ही पिशवी अडकवलीत तो," बाई म्हणाल्या. एवढ्या हलक्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

संस्थापक मध्ये पडले. "मॅडम, इमोशनल होऊ नका. तुम्ही भेट दिलीत ना? मग मांडायचं कसं, ते आम्ही ठरवणार."

"मी तुकडी दिली होती," बाई म्हणाल्या. "तिची तुम्ही वाट लावलीत. उरलंय ते मी नेते."

त्यांनी कपाट उघडलं. वसंतरावांनी खांद्यावरची शाल काढून टेबलावर पसरली. बाई एकेका सैनिकाच्या खांद्यावरची बॅग उतरवत आणि त्याला शालीवर आडवं ठेवत. दारावरच्या रखवालदाराने संस्थापकांकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली, तसं त्याने दार उघडलं. "दमानं, बाई. म्होरं पायरी हाय," तो म्हणाला. त्या इमारतीत त्या दिवशी आमच्याशी माणसासारखा बोललेला तो एकटाच.

मोडलेल्या रायफली मिळाल्या नाहीत. झाडलोटीत गेल्या असं कळवण्यात आलं. त्या बाईंनी पुन्हा घडवल्या, पट्टे पुन्हा कापले. तोवर दवाखान्यात संगणकावर दिसणारे एक्स-रे आले होते, शिशाची पाकिटं संपली होती. मग गावातल्या जुन्या दंतवैद्यांनी आपापल्या कपाटांतून ती शोधून पाठवली. त्यांत भातुकली म्हणणारेही होते. त्यांचेही आभार माना, असं बाईंनी मला बजावलं आहे. बाकीच्यांचे मानते.

या ग्रंथाच्या समितीतल्या एका गृहस्थांनी मला फोनवर सुचवलं की, हा प्रसंग वगळावा, कारण मलपृष्ठावर त्याच कंपनीची जाहिरात आहे. मी प्रसंग वगळलेला नाही. समितीने मलपृष्ठ वगळावं.

बाई आज पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांच्या टेबलावर अजून दोन सैनिक उभे आहेत. वर्दी रंगवून झाली आहे, खांदे मोकळे आहेत. त्या दोघांबद्दल वसंतरावांना अजून बोलता आलेलं नाही. रोज संध्याकाळी ते येतात, समोर बसतात, चहा घेतात आणि परत जातात. बाई विचारत नाहीत. पत्र्याच्या दोन फिती त्यांनी कापून ठेवल्या आहेत.

वसंतरावांना बोलावंसं वाटेल त्या संध्याकाळपर्यंत, आणि तिच्याही पुढे पुष्कळ वर्षं, बाईंची नजर स्वच्छ राहो, हात स्थिर राहो. राग कमी व्हावा असं मात्र मी मागणार नाही. या शहराला त्याची फार गरज आहे.